शेपटीला बांधलेली घंटा

श्रीपती मखरेने जगाची दोन गटांत वाटणी करून टाकली होती. एका गटात वाफ कळणारी माणसं आणि दुसऱ्या गटात बाकीचा तमाशा. पहिल्या गटात तो स्वतः, सोलापूरच्या गिरणीतला त्याचा कैलासवासी उस्ताद आणि वर्षातून एकदा येणारे बॉयलर इन्स्पेक्टर, एवढीच मंडळी होती. आणि इन्स्पेक्टरांबद्दलही त्याची पक्की खात्री नव्हती. दुसऱ्या गटात नीरामाई दूध संस्थेचं अख्खं संचालक मंडळ बसत होतं आणि तरीही जागा उरत होती.

"पांढरं दिसतंय ती वाफ न्हवं," तो म्हणायचा. "ती वाफंची राख. खरी वाफ डोळ्याला दिसत न्हाय. आन् जे दिसत न्हाय त्याला ह्या संस्थेत कोण विचारतंय?"

ही संस्था इंदापूर तालुक्यात, कळसच्या शिवारात, रस्त्याच्या कडेला उभी होती. गावोगावचं दूध यायचं, तापवून थंड करून पुढे जायचं, उरलेल्याचा खवा व्हायचा. त्यासाठी वाफ लागायची. संस्थेने सोलापूरच्या एका बंद पडलेल्या कापडगिरणीचा जुना बॉयलर उचलला आणि करवली नवरीबरोबर यावी तसा श्रीपती त्याच्याबरोबर आला. बॉयलर ट्रेलरवरून आला, श्रीपती एसटीने. ऐन जवानीत हा बॉयलर दहा किलो दाब सोसत होता. आता पत्रे आतून झिजले होते, म्हणून इन्स्पेक्टरांनी त्याला सातच किलोची परवानगी दिली होती. दाबाच्या काट्यावर सातच्या आकड्याशी तांबडी रेघ ओढली होती. रंगभूमीवरचा जुना नट जसा वयाप्रमाणे तलवारीची भूमिका सोडून म्हाताऱ्या राजाची घेतो, तसं ते होतं. बॉयलरला ते समजलं होतं. संस्थेला समजलं नव्हतं.

श्रीपतीकडे बॉयलर अटेंडंटचं सरकारी सर्टिफिकेट होतं. सातवी पास झालेल्या, नरसिंहपूरच्या बौद्धवाड्यातून निघालेल्या पोराने परीक्षा देऊन, चार साहेबांपुढे तोंडी उत्तरं देऊन मिळवलेलं. त्या सर्टिफिकेटमागे एक वही होती. बॉयलरची नोंदवही, छापील पानांची, प्रत्येक पानावर नंबर. रोज सकाळी तिच्यात एक ओळ लिहावी लागायची: 'सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून पाहिला, मोकळा आहे.' आणि खाली सही. बावीस वर्षांत व्हॉल्व्ह न उचलता ही ओळ त्याने एकदाही लिहिली नव्हती. बायको तुळसा म्हणायची, "लग्नाच्या वक्ताला माझं नाव घ्यायला लाजला, आन् त्या वहीत रोज सही करताय जणू शिलालेख कोरताय."

हा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलरच्या डोक्यावरचं एक भोक आणि त्या भोकावरचं एक झाकण. झाकणावर आडवा लोखंडी दांडा, दांड्यावर सरकवून बसवलेलं वीस किलोचं वजन. खालून वाफ झाकणाला वर ढकलते, वरून वजन त्याला दाबून धरतं. सात किलोपर्यंत वजन जिंकतं. सातला वाफ जिंकते, झाकण उचलतं, वाफ फुसांडत आभाळात जाते. दाब थोडा उतरला की झाकण आपलं आपण बसतं. ना वीज लागते, ना माणूस, ना चेअरमनचा आदेश. वजन जागचं हलू नये म्हणून इन्स्पेक्टर त्याला तारेने बांधून शिशाचं सील ठोकून जात.

श्रीपतीचा या यंत्रावर जीव होता, कारण संस्थेत खरं बोलणारं तेवढं एकच होतं.

पण गावकऱ्यांच्या तोंडात 'सेफ्टी' काही बसेना. पहिल्याच आठवड्यात तिची 'शेपटी' झाली. आणि दांडा दिसायलाही तसाच: मागे लांब निघालेला, टोकाला जरा वाकलेला. "शेपटी उचलली का?" "शेपटी आज लई वरडली." असं सगळे बोलत. श्रीपती पहिले सहा महिने तावातावाने दुरुस्त्या करत होता.

"आरं, शेपटी न्हवं, नरडं हाय ते! श्वास घ्यायचं भोक!"

"व्हय, व्हय," आग घालणारा गेणबा म्हणायचा. "पर मागं हाय न्हवं? मागं असती ती शेपटीच."

गेणबा कळसचाच. त्याच्या वाडवडलांनी मेंढरं राखली, त्याने भट्टीत लाकूड घालायला घेतलं. माणूस कामाला वाघ, देवाला भोळा. दोघांचं भांडण रोज व्हायचं आणि भाकरी रोज एका फडक्यावर सोडली जायची. शेवटी श्रीपतीनेच हार मानली. तोही शेपटी म्हणू लागला. पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाने केला. नरड्याला कुणी काही बांधत नाही. शेपटीला मात्र बेंदराच्या दिवशी, बैलांच्या सणाला, गोंडे बांधायची या मुलखाची रीतच आहे.

संस्थेचे मॅनेजर दादासो हे चेअरमन आप्पासाहेबांचे भाचे. एवढीच त्यांची पदवी. बॉयलर म्हणजे आंघोळीचा मोठा बंब, अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांनी कुणाला मोडू दिली नाही. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक कामगाराला ते 'राव' लावायचे. श्रीपतीला मात्र नुसतं 'मखरे'. ते का, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही कधी बोलले नाहीत.

पंच्याण्णव सालच्या श्रावणात संस्थेचा वर्धापनदिन झाला. सगळे कामगार मंडपात बोलावले. दूध तापवायचं काम थांबलं, पण भट्टीतली आग कशी थांबणार? वाफ तयार होत राहिली, खर्च होईना. श्रीपतीने दादासोंना सकाळीच सांगितलं होतं, "कार्यक्रम किती वेळ हाय ते सांगा, मी आग कमी करतो." दादासो म्हणाले, "मखरे, तुमी तुमचं काम बघा." आप्पासाहेब माइकवर आले. 'माझ्या शेतकरी बांधवांनो' पर्यंत ठीक चाललं. 'या संस्थेचा आवाज दिल्लीपर्यंत' असं म्हणायला हात वर केला आणि मागे सातचा आकडा भरला. शेपटी उचलली. जी वाफ फुसांडली ती चार मिनिटं. आप्पासाहेबांचा हात वर तो वरच, तोंड उघडं ते उघडंच, शब्द एकही ऐकू येईना. मंडपातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "आवाज दिल्लीला पोचला म्हणायचा." आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या माणसाला हशा सोसत नाही, आणि आप्पासाहेबांच्या टाळ्याही बऱ्याचशा भाड्याच्या होत्या, म्हणून तर जास्तच झोंबलं.

त्याच दिवशी दादासोंनी फर्मान सोडलं, "ती शेपटी गप करा."

"ती गप बसली की मग बॉयलर बोलंल," श्रीपती म्हणाला. "त्यो एकदाच बोलतो. आन् ऐकायला कोण ऱ्हात न्हाय."

दादासोंना हा उर्मटपणा वाटला. आप्पासाहेबांना ते विघ्न वाटलं. त्यांनी देवीला पितळी घंटा बोलली.

दसरा आला. श्रीपती दरवर्षीप्रमाणे धम्मदीक्षेच्या दिवसासाठी नागपूरला गेला, पाच दिवसांची रजा टाकून. त्याच्या जागी दुसरीकडचा एक बदली अटेंडंट आला. त्या विद्वानाने पहिल्याच दिवशी पाचही दिवसांच्या सह्या एका दमात ठोकल्या आणि तिसऱ्या दिवशी तो बारामतीला सिनेमा बघायला निघून गेला. मधल्या खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. वजनकाट्याला हळदकुंकू लागलं, दुधाच्या पंपाला झेंडूची माळ पडली. बॉयलरपुढे दादासोंनी हात जोडले आणि मामांनी पाठवलेली घंटा काढली. चांगली तीन किलोची, कोरलेल्या नावासकट. कुठे बांधायची? समोर शेपटी होतीच. टोकाला वाकलेली, जणू त्यासाठीच घडवलेली. गेणबाने वर चढून घंटा बांधली, शिवाय स्वतःच्या भक्तीने पाच नारळांचं तोरण.

आणि चमत्कार झाला. दुसऱ्या दिवसापासून शेपटी एकदाही ओरडली नाही. दादासो गावभर सांगत सुटले, "देवीनं तोंड बंद केलं बघा त्याचं."

सहाव्या दिवशी पहाटे श्रीपती नागपूरहून थेट कामावर आला. हातात पिशवी, डोळ्यांत चार रात्रींची झोप. बॉयलरघरात पाऊल टाकलं आणि त्याने सवयीने काट्याकडे पाहिलं.

काटा आठच्या पुढे होता. तांबड्या रेघेच्या पलीकडे. आणि वर सगळं शांत.

त्याची झोप कुठल्या कुठे पळाली. "गेणबा, आग वड!" तो ओरडला. "भाईर वड समदी! इचारू नगं!"

गेणबाने जळती लाकडं फावड्याने बाहेर ओढली. श्रीपतीने दुधाच्या तापकाकडची वाफेची लाइन पूर्ण सोडली. काटा हळूहळू, हट्टी म्हाताऱ्यासारखा, उतरायला लागला. आठ. साडेसात. सात. साडेसहा. मग श्रीपती शिडीने वर चढला आणि त्याला घंटा दिसली. झेंडूची वाळकी माळ, पाच नारळ आणि चेअरमनचं नाव.

तो खाली उतरला आणि गेणबापुढे उभा राहिला. 

"ह्ये कुणी केलं?"

"देवीचं हाय, श्रीपतराव. सील बगा, सील तसंच हाय. वजनाला आमी बोट लावलं न्हाय."

"वर ये." काटा सहाला आला होता. "रोज सहाला मी शेपटी कशी उचलतो?"

"दोन बोटांनी."

"उचल."

गेणबाने दोन बोटं लावली. मग चार. मग पंजा. मग दोन्ही हात लावून, दात खाऊन उचलली, तेव्हा कुठे झाकणातून थोडी वाफ सुटली.

"आता सांग. तुझ्या शेतातला धोंडा उचलायला तू पहार कुठं धरतोस? धोंड्याजवळ?"

"टोकाला."

"का?"

"टोकाला जोर कमी..." गेणबाचं वाक्य तिथेच अडकलं. त्याने घंटेकडे पाहिलं, ती टोकाला होती. नारळांकडे पाहिलं, तेही टोकाला. "म्हंजी तीन किलोचं तीन ऱ्हात न्हाय हितं."

"न्हाय ऱ्हात. ह्या समद्या पूजेनं सातावरची शेपटी दहावर नेली. आन् हा म्हातारा दहा सोसत न्हाय."

गेणबा मटकन शिडीवर बसला. श्रीपतीने हात वर केला, घंटेपर्यंत नेला आणि मागे घेतला. बौद्धवाड्यातल्या माणसाने देवीची घंटा काढली, एवढं एक वाक्य गावभर फिरायला चहा होईपर्यंतचा वेळही लागला नसता. मग बॉयलर कुणी बघितला असता? काटा कुणी बघितला असता? देवीचा अपमान कुणी केला, एवढंच विचारलं गेलं असतं, आणि पुढच्या बॉयलरवर एखादा भाचा सर्टिफिकेटशिवाय बसला असता.

तो खाली आला, वही उघडली आणि खणखणीत अक्षरात लिहिलं: 'सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांड्याला घंटा व नारळ बांधलेले आढळले. दाब आठच्या वर गेला तरी व्हॉल्व्ह उचलला नाही. व्हॉल्व्ह मोकळा नाही. बॉयलर बंद ठेवला आहे.' खाली सही.

तोवर फाटकाबाहेर दुधाच्या किटल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. सात वाजता दादासो आले ते तणतणतच.

"मखरे! दूध नासतंय! आग कुठं हाय?"

"भट्टीभाईर वडली."

"कुणाच्या परवानगीनं?"

"काट्याच्या."

दादासोंनी वही ओढून घेतली, वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पडद्यासारखा भरभर बदलला. "हे पान फाडा."

"फाडा की. एकशेबेचाळीस नंबर हाय त्याचा. एकशेएक्केचाळीसनंतर एकशेत्रेचाळीस का आलं, त्ये तुमीच सांगा इन्स्पेक्टरास्नी."

"सील शाबूत हाय का न्हाय? मग कशाचा व्हॉल्व्ह मोकळा न्हाय? लिवा, 'मोकळा आहे', आन् पेटवा."

"चोरानं कुलूप तसंच ठेवून भिंत फोडली, तर तुमी कुलपाला हार घालताल, दादासो."

रांगेतले दोन-तीन गवळी दारात येऊन हसले. दादासोंना आता एकच हत्यार उरलं होतं आणि ते त्यांनी काढलं. "तुमचा देव न्हाय म्हणून तुमाला खुपतीय ती घंटा. सरळ सांगा की."

 गेणबाने मान खाली घातली. श्रीपतीने पिशवीतून टॉवेल काढला, तोंड पुसलं, आणि अगदी सावकाश म्हणाला, "म्हणून तर म्या हात लावला न्हाय. तुमचा देव हाय, तुमी काढा. शिडी हितं हाय. चढा."

दादासोंनी शिडीकडे पाहिलं. वरच्या बॉयलरकडे पाहिलं. शिडी त्यांना काही चढवेना. बंब म्हणणारा माणूस बंबाला घाबरायला लागला की त्याच्या विद्वत्तेची खोली कळते. त्यांनी गेणबाकडे वळून हुकूम केला, "गेणबा, तू घाल रं लाकडं. मी हाय."

"तुमी कुठं असताल?" गेणबाने विचारलं.

"म्हंजी?"

"न्हाय, आपलं इचारतो." गेणबा श्रीपतीकडे वळला. "श्रीपतराव, समजा ह्यो फुटला. तर कंच्या अंगाला फुटंल?"

"ते कोण सांगणार? पर भट्टीचं तोंड तुझ्याकडं हाय, आन् हापिस पलीकडच्या टोकाला."

गेणबाने डोक्याचं मुंडासं सोडलं. कुणाला काही न विचारता तो शिडी चढला. वर जाऊन त्याने आधी दोन्ही हात जोडले, कपाळ घंटेला टेकवलं. खालच्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आई, माफ कर. तुझी जागा चुकली हुती, भक्ती न्हवं." मग गाठ सोडली. घंटा आणि पाचही नारळ मुंडाशात बांधून, लेकरू उतरवावं तसं ते गाठोडं त्याने खाली आणलं आणि दादासोंच्या हातात ठेवलं. "देवळात न्या. हितं मी हाय पुढं उभा."

आग पेटली. काटा सहाला आला तसा श्रीपती वर चढला, दोन बोटांनी दांडा उचलला, वाफ फुसकन सुटली, दांडा सोडला, बसली. एकशेबेचाळीस नंबरच्या त्याच पानावर खाली नवी ओळ पडली. थोडं दूध नासलं होतं, त्याचं पनीर करायचं ठरलं. निदान पनीरचं ठरवायला माणसं तरी जिवंत उरली होती.

बाराच्या सुमाराला आप्पासाहेबांची जीप आली. पांढराशुभ्र सदरा, खिशाला सोनेरी टोपणाचं पेन, मागे चार माणसं. बॉयलरघराच्या दारात ते असे उभे राहिले की जुन्या नाटक कंपनीतला राजा दरबारात येतो तसं वाटावं. फरक एवढाच, की त्या राजाला त्याचं वाक्य पाठ असायचं.

"माझी घंटा कुणी काढली?" त्यांनी गर्जना केली.

श्रीपतीने तोंड उघडण्याआधीच गेणबा पुढे आला. "म्या."

आप्पासाहेब बुचकळ्यात पडले. घरून निघताना त्यांनी मखरेसाठी म्हणून भाषण जुळवून आणलं होतं. ते गेणबाला लागू पडेना. धर्माचा पहिला परिच्छेद गेला, शिस्तीचा दुसरा गेला. ते शब्द शोधत राहिले आणि तेवढ्यात आतलं दूध तापवून संपलं, वाफेचा खर्च थांबला, काटा सातला भिडला.

शेपटी उचलली.

छताच्या भोकातून जो आवाज उठला, त्याने मागची चार माणसं दारातून एकदम बाहेर पडली. दादासो सगळ्यांच्या पुढे होते. ते वजनकाट्यापाशी जाऊन थांबले. आप्पासाहेब जागचे हलले नाहीत, पण ते शौर्यामुळे नव्हे, त्यांना धरून नेणारे सगळे आधीच पळाले होते. गेणबा मात्र शांतपणे काट्याकडे बघत होता. श्रीपतीने बोट वर केलं आणि आप्पासाहेबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "सात! बघा, बरोबर सात!" थोड्या वेळाने काटा साडेसहाच्या खाली आला, टप्पकन आवाज झाला, झाकण बसलं आणि बाहेरच्या कडुलिंबावरचे पक्षी पुन्हा बोलू लागले.

आप्पासाहेबांनी सदरा झटकला. मागची माणसं एकेक करून आत येत होती. प्रेक्षक परतले म्हटल्यावर नटाला बळ आलं.

"मीच सांगितलं होतं काढायला," ते म्हणाले. "सुरक्षितता पयली. देव नंतर. दादासो, तुला फोनवर काय बोललो होतो मी?"

दादासोंनी दारातूनच मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

श्रीपतीने बावीस वर्षांत संस्थेतल्या कुणाचं एवढं कौतुक केलं नव्हतं. "लई चांगलं झालं, आप्पासाहेब," तो म्हणाला. "मग ह्ये हितं लिवून घिऊ." त्याने वही त्यांच्यापुढे धरली आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "'घंटा माझ्या आदेशाने बांधली व माझ्या आदेशाने काढली.' आन् खाली तुमची सही. म्हंजी आमाला काळजी न्हाय."

आप्पासाहेबांनी वहीकडे पाहिलं. पानाचा नंबर पाहिला. वरची पहिली नोंद हळूहळू वाचली. त्यांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला, सोनेरी टोपण दोन बोटांत धरलं आणि तिथंच राहिला.

"चष्मा..." ते म्हणाले. "चष्मा गाडीत ऱ्हायला."

"आणायला धाडतो की."

"न्हाय, न्हाय. घरी ऱ्हायला असंल." आणि ते वळले. त्यांच्यामागे चार माणसं वळली. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग फाटकाचा.

गेणबा तोंडावर पंजा ठेवून हसत होता. "वाचताना कुठला चष्मा लावला हुता त्यांनी?"

 श्रीपतीने त्या रिकाम्या ओळीवर आडवी रेघ मारली, म्हणजे मागाहून तिथे कुणाला काही घुसडता येऊ नये. शाई वाळायला पानावर फुंकर घातली. मग एकदम बॉयलरच्या काचेच्या नळीकडे पाहिलं आणि खेकसला, "दात काय काढतोस? भाषणाच्या नादात पाणी किती उतरलं बघ! पंप सुरू कर आधी!"